केबल मोडेम सुसंगतता

केबल मोडेम सुसंगतता : ग्राहकाने स्वतः आणलेला केबल मोडेम (टीव्हीच्या केबलवरून इंटरनेट देणारा डबा) इंटरनेट पुरवठादाराच्या जाळ्यावर नोंदला जाऊन पूर्ण वेगाने चालण्याची अवस्था. पुरवठादाराने तपासून स्वीकारलेल्या मॉडेलांच्या यादीस संमत उपकरण-यादी म्हणतात. बेळगाव सीमाभागात राउटर आणि फायबरचा डबा यांनाही सरसकट ‘मोडेम’ म्हटले जाते. या नोंदीत तो शब्द मुख्यतः कोअॅक्सिअल तारेवरील, म्हणजे टीव्हीच्या केबलवरील, उपकरणासाठी योजला आहे.

यादीच्या उगमाची संगती दोन प्रकारे लावता येते. एका मांडणीनुसार तिचे मूळ अमेरिकेतील १९६८ च्या कार्टरफोन निर्णयात आहे. जाळ्याला अपाय न करणारे बाहेरचे उपकरण टेलिफोन यंत्रणेस जोडण्याची मुभा या निर्णयाने दिली. दुसरी मांडणी केबल क्षेत्राच्या स्वतंत्र इतिहासाकडे पाहते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात लॅनसिटीसारख्या कंपन्यांचे मोडेम स्वतःच्याच पद्धतीने चालत. एका कंपनीचा मोडेम दुसरीच्या केंद्रीय उपकरणाशी बोलत नसल्याने निवडीचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेची ८०२.१४ समिती १९९४ पासून समान मानकावर काम करीत होती. पण केबल कंपन्यांनी तिची वाट न पाहता एमसीएनएस या गटामार्फत स्वतःचे विनिर्देश तयार केले. हेच डॉक्सिस, म्हणजे केबलवरून इंटरनेट देण्याचे समान मानक, होय. त्याची पहिली आवृत्ती सामान्यतः मार्च १९९७ ची मानतात. केबललॅब्ज या केबल कंपन्यांच्या संशोधन संस्थेने प्रमाणित केलेले पहिले मोडेम १९९९ मध्ये आले. प्रस्तुत लेखकास दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. कार्टरफोनने जोडण्याचा हक्क दिला हे खरे. परंतु प्रमाणपत्र आणि पुरवठादाराची स्वीकृती या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या, तेव्हाच अशा यादीची गरज निर्माण झाली.

त्या वेगळ्या पडण्याचे कारण तांत्रिक आहे. डॉक्सिस मोडेमचे फर्मवेअर (उपकरणात बसवलेली आज्ञावली) ग्राहक बदलत नाही, ते पुरवठादार तारेवरून पाठवतो. त्यामुळे मोडेम प्रमाणित असला, तरी त्या मॉडेलचे, त्याच हार्डवेअर आवृत्तीचे फर्मवेअर पुरवठादाराने तपासलेले नसेल, तर तो यादीबाहेर राहतो. सुरू होताना मोडेम प्रथम खाली, म्हणजे पुरवठादाराकडून घराकडे, येणारी वाहिनी शोधतो, मग आपल्या प्रक्षेपणाची पातळी व वेळ जुळवून घेतो, आयपी पत्ता मिळवतो आणि शेवटी पुरवठादाराकडून संरचना फाइल (मोडेमची सेटिंग सांगणारी) उतरवून नोंदणी करतो. मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) ग्राहकाच्या खात्याशी जोडलेला नसेल, तर दिवे हिरवे दिसूनही इंटरनेट मिळत नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसाला डब्याच्या पाठीवरचा हा पत्ता आधी दाखवावा.

परदेशातून आणलेल्या मोडेमबाबत वाहिनीची रुंदी निर्णायक ठरते. उत्तर अमेरिकी पद्धतीत ती ६ मेगाहर्ट्‌झ, तर युरोपीय पद्धतीत ८ मेगाहर्ट्‌झ असते. भारतातील डिजिटल केबल प्रसारण ८ मेगाहर्ट्‌झच्या वाहिन्यांवर चालते. केवळ ६ मेगाहर्ट्‌झ जाणणारा मोडेम ८ मेगाहर्ट्‌झची वाहिनी पकडू शकत नाही. वर, म्हणजे घराकडून पुरवठादाराकडे, जाणाऱ्या संदेशासाठी जुन्या अमेरिकी मोडेमात ५ ते ४२, तर युरोपीय मोडेमात ५ ते ६५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा असतो. मुलाने शिकागोहून पाठवलेला चांगला, महागडा डबा येथे निरुपयोगी ठरण्याचे हे कारण आहे. त्यात मुलाचा किंवा दुकानदाराचा दोष नसतो.

भारतात दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी व प्रमाणीकरण २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यामुळे उपकरण कायदेशीररीत्या विकता येते. पुरवठादाराने ते आपल्या जाळ्यावर घ्यावे, असे बंधन त्यातून येत नाही.

सीमाभागात या विषयाला परवान्याची आणखी एक बाजू आहे. ‘ब’ वर्गाचा इंटरनेट परवाना एका दूरसंचार परिमंडळापुरता असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ही गावे कर्नाटक परिमंडळात, तर कोल्हापूर व गोवा ही दोन्ही बाजूंची शेजारी ठिकाणे महाराष्ट्र परिमंडळात येतात. चंदगड तालुक्यातील कुटुंबाचा बाजारहाट बेळगावात असला, तरी शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे असा ‘ब’ वर्गाचा पुरवठादार बहुधा बदलतो आणि त्याबरोबर यादीही. स्थानिक केबलचालकाकडे यादी बहुधा छापील नसते, ‘आमचाच डबा लागेल’ असे तोंडी उत्तर मिळते. ग्राहकाने ती लेखी मागावी. आणि ती त्याला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे या भागात मराठीतही, मिळायला हवी.

गावांतील जुनी केबल जाळी अनेकदा एकमार्गी असतात. त्यांतील प्रवर्धक संदेश परत पाठवू शकत नाहीत. अशा जाळ्यावर यादीतला मोडेमही चालत नाही. खानापूर परिसरातील मुसळधार पावसात कनेक्टरात पाणी शिरून गंज चढतो आणि वर जाणाऱ्या पट्ट्यात गोंगाट साचतो. मोडेम बदलण्यापूर्वी ब्राउझरात मोडेमच्या १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर संदेशाची पातळी पाहावी. डॉक्सिसनुसार खाली येणारा संदेश –१५ ते +१५ डीबीएमव्ही (संदेशाच्या पातळीचे एकक) या मर्यादेत असावा लागतो. तो मर्यादेबाहेर असेल, तर आधी तार तपासावी.

फायबरवर हाच प्रश्न ओएनयूबाबत (ग्राहकाच्या घरी बसवलेल्या फायबरच्या डब्याबाबत) उद्‌भवतो. जीपॉन आणि ईपॉन या वेगळ्या पद्धती असून एकीचा डबा दुसरीवर चालत नाही. दोन्ही जाणणारे एक्सपॉन डबेही अनुक्रमांक किंवा मॅक पत्ता केंद्रात नोंदल्याशिवाय जोडले जात नाहीत.