पाइप कातणाऱ्याचा धंदा कुठून आला?

बडोदा संस्थानात दोन गोष्टी मुबलक होत्या. पेटलाद महालात तंबाखूची शेतं आणि संखेड्यात लाकूड कातणारे खरादी. तरीही तंबाखूचा पाइप घडवण्याचा धंदा इथे उभा राहिला नाही. तो राहिला फ्रान्समधल्या एका डोंगरी गावात आणि पुढे कोपनहेगनच्या दुरुस्तीच्या टेबलावर. आज एकटा कारागीर पाइप घडवून पोट भरतो ते कसं, हे समजायचं तर ही उलटसुलट वाट थोडी मागून चालावी लागते.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, दक्षिणेत आधी रुजली. अकबराचा दरबारी असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला तो तंबाखू घेऊन. पण सामान पाहा: सुमात्रातल्या अचीनहून आलेली तीन हात लांबीची नळी, दोन्ही टोकांना जडाव आणि मीनाकाम, तोंडाशी येमेनी अकीक, विस्तवासाठी सोन्याचं पात्र. म्हणजे तंबाखूच्या आधी कारागिरीच दरबारात मिरवली. अकबरानं दोन-तीन झुरके घेतले, हकिमानं हात धरला. पुढे जहांगीरनं १६१७ मध्ये बंदीचा हुकूम काढला, त्याचा उपयोग किती झाला ते उघडच आहे. गंमत अशी, की तंबाखूला उघड शिव्या घालणाऱ्या इंग्लंडच्या पहिल्या जेम्सनं १६१९ साली लंडनच्या मातीचे पाइप करणाऱ्यांना संघाची सनद दिली. राग एकीकडे, महसूल एकीकडे.

आपल्याकडे मात्र कामाची वाटणी निराळी झाली. चिलीम कुंभाराची. हुक्क्याचं भांडं तांबट नाहीतर बिदरीवाल्याचं, गरिबाघरी नारळाची करवंटी. खरादीच्या वाट्याला फार तर हुक्क्याची लाकडी नळी. नंतर विडीनं सगळ्यांचीच सुट्टी केली. टेंभुर्णीचं पान, चिमूटभर जर्दा, दोरा. भांड्याची गरजच संपली. चरोतरची, म्हणजे पेटलादच्या मुलखाची, तंबाखू मुख्यतः विडीचीच, आणि आपल्या लोकांना निपाणी-सिन्नर आठवलं की हे गणित वेगळं सांगावं लागत नाही. पाइप उरला साहेबाच्या तोंडात. साहेबाची वस्तू विलायतेहून यायची, इथे कातायची नव्हे.

विलायतेतही लाकडी पाइपचं वय फार नाही. मातीचे पाइप पटकन फुटत. तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरचा मीरशाम हा पांढरा मऊ दगड कोरायला उत्तम, पण महाग आणि नाजूक. लाकूड जळे. तोडगा निघाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, ब्रायर या भूमध्यसागरी झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीत. ती आगीला सहसा दाद देत नाही. ही गाठ जिथे पोचली ते फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं सेंट-क्लोद. तिथल्या मठात यात्रेकरू येत आणि गावचे खरादी त्यांच्यासाठी जपमाळेचे मणी, खेळणी कातत. लेथ होता, हात होते, हिवाळा लांब होता. ब्रायर आला आणि गावच्या गाव पाइपवर जगू लागलं. कारखान्यांत एका पाइपमागे अनेक हात राबत: एक वाटी पोखरायचा, दुसरा दांडीला भोक पाडायचा, तिसरा घासायचा. पाइपवर शिक्का दुकानाचा असे, करणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसे.

या लाकडाचा स्वभाव समजला की पुढचं सगळं समजतं. गाठ खणून काढली की ओली ठेवतात, वाळली तर फुटते. मग ठोकळे पाडून तासन्‌तास उकळतात, म्हणजे कडवट रस निघून जातो. नंतर महिनोन्‌महिने सावलीत वाळवण. गाठीच्या आतल्या भागाचे ठोकळे साध्या पाइपना जातात. बाहेरच्या खडबडीत सालीकडच्या तुकड्यात लाकडाच्या रेषा सरळ पसरलेल्या असतात, तो भाव खातो. कारागीर ठोकळा ओला करून रेषा वाचतो, पेन्सिलीनं आकार आखतो, तंबाखूची वाटी साधारण दोन सेंटिमीटर रुंद, धुराचं भोक जेमतेम चार मिलिमीटर. हे भोक वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडलं पाहिजे. किंचित वर गेलं की तळाला ओली तंबाखू साचते. आधी भोक की आधी आकार, यावर कारागिरांत आजही दोन तट आहेत. आणि एवढं करून, शेवटच्या घासणीत, मोहरीएवढा खड्डा उघडा पडतो. लाकडाच्या पोटातला. मग पाइप खालच्या दर्जात जातो किंवा सरळ जळणात. किमतीतला मोठा वाटा या जोखमीचा असतो, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड.

एकट्या कारागिराला नाव मिळालं ते डेन्मार्कात. सिक्स्टन इवारसन (१९१०–२००१) हा मूळचा स्वीडिश माणूस. १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या ‘सूर’ नावाच्या पाइपच्या दुकानात तो मोडके पाइप दुरुस्त करत असे. दुसऱ्यांनी केलेल्या चुका रोज हाताळल्या म्हणून त्याला पाइप आतून कळला, असं मला वाटतं. कारखान्यातल्या एकाच यंत्रापाशी उभं राहून ते जमलं नसतं. ठरीव नमुना लाकडावर लादण्याऐवजी तो रेषेमागे आकार नेऊ लागला. स्टॅनवेल या पाइप कंपनीनं त्याच्याकडून नमुने करून घेतले. मुलगा लार्स, नात नाना, तिघेही पाइपकार. सूरमधली त्याची जागा पुढे पोल रासमुसेननं घेतली. १९६७ मध्ये तो गेला, तेव्हा लेथ बंद पडला नाही. त्याची बायको ॲन ज्युली त्यावर बसली आणि स्वतःच्या नावानं ओळखली जाऊ लागली. जपानचा पाइपकार तोकुतोमीही सिक्स्टनकडेच शिकून गेला. शाळा नाही, प्रमाणपत्र नाही. कुणाच्या टेबलाशी किती बसलात हीच पदवी.

धंदा वाढला, पण ओढणारे घटत गेले. ते घटायलाच हवे होते. पाइप ओढणाऱ्यांना ओठाचा कर्करोग जास्त होतो, हे जर्मन वैद्य सोमरिंगनं १७९५ मध्येच नोंदवलं होतं. आपल्याकडे २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिराती थांबवल्या, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपान बंद झालं. त्यामुळे आजच्या पाइपकाराचं गिऱ्हाईक म्हणजे जगभर विखुरलेले संग्राहक. ते रेषा, घडण आणि सही बघून पैसे मोजतात.

बडोद्यात यातलं काय आहे? सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये निघालेलं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले, ते हात आणि यंत्र एकत्र शिकवण्यासाठीच होतं. संखेड्याचा खरादी सागवान कातून लाखेचा रंग चढवतो आणि केवड्याच्या पानानं त्याला चकाकी आणतो. पण सागवानाचा पाइप टिकत नाही. पर्यटकांसाठी मिळणारे शिसवीचे पाइपही लवकर तापतात. ब्रायरचा ठोकळा बाहेरूनच मागवावा लागतो. तोंडात धरायच्या भागाचं एबोनाइट मात्र देशात बनतं. राजमहेंद्रीचे रत्नम १९३२ पासून याच रबरी कांडीची शाईपेनं लेथवर कातत आले आहेत. नवखा पाइपकार पहिली काही वर्षं सहसा जुन्या पाइपच्या दांड्या बदलून, तडे बुजवूनच घर चालवतो.