दुपारी पडणारा, रात्री पडणारा

"फॉरमॅट तं तीनदा मारून झाला. पंधरा दिवस बरं चालते, मंग पुन्हा तेच."

हिंगणघाटजवळच्या एका गावात, टिनाच्या खोलीत बसून काकाजी सांगत होते. कॉम्प्युटर साधाच, सात-आठ वर्षांचा. मुलीच्या अभ्यासाला घेतलेला, आता पीक विम्याच्या अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळ्याला लागणारा. चालता चालता मध्येच बंद पडायचा. तालुक्याच्या दुकानात नेला, की तिथे मात्र दिवसभर इमानेइतबारे चालायचा.

मला यातच अर्धं निदान दिसलं. दुकानातही मशीन तेच आणि विंडोजही तेच. मग बदललं काय? तिथली हवा आणि तिथली वीज.

घरात भिंतीवर कॅलेंडर होतंच. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, लाईन किती वाजता गेली, सगळं त्यावर. काकाजींना म्हटलं, कॉम्प्युटर पडला की तारखेवर फुली मारा आणि वेळ लिहा. पडताना पडदा निळा झाला की नुसता काळा, तेही लिहा. ही शेवटची नोंद महत्त्वाची. निळा पडदा म्हणजे विंडोजला आतली गडबड कळली आणि तिनं स्वतःहून काम थांबवलं. तिथे संशय मेमरीवर, हार्ड डिस्कवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर जातो. एकही अक्षर न दिसता झटक्यात काळोख झाला, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटलेली असते. अशा पडण्यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद सापडते. ती वाचून बरेच जण लगेच एसएमपीएस (घरची वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा आतला डबा) बदलायला धावतात. पण मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. कारण शोधायचं ते आपणच.

एप्रिल-मेच्या तीन आठवड्यांत अकरा फुल्या जमल्या. दहा काळ्या, एक निळी. काळ्यांपैकी सहा दुपारी एक ते चारच्या मधल्या, चार रात्री दहाच्या आगेमागे. म्हणजे दुखणी दोन होती आणि आम्ही सगळे एकच औषध शोधत होतो.

दुपारचं आधी. प्रोसेसरवरची धातूची पाती आणि पंखा, म्हणजे हीटसिंक, थंडी कुठून आणत नाही. तो प्रोसेसरची उष्णता फक्त खोलीतल्या हवेला देऊन टाकतो. त्यामुळे प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा काही अंश गरमच राहणार. समजा, स्वच्छ मशीनमध्ये हा फरक ४० अंशांचा आहे, आणि पात्यांमध्ये कचरा भरल्यावर तो ६० झाला. दुकानात कूलरखाली २७ अंश, म्हणजे प्रोसेसर ८७ वर. चालून जातं. काकाजींच्या टिनाखाली मे महिन्यात ४३, म्हणजे १०३. बहुतेक प्रोसेसर शंभराच्या आसपास आधी आपली गती कमी करतात, त्यानंही भागलं नाही तर जळण्यापेक्षा बंद पडणं पत्करतात. "पडायच्या आधी लय स्लो होते" असं काकाजींची मुलगी म्हणायची, ते हेच. तिला वाटायचं व्हायरस आहे.

झाकण उघडलं आणि सगळेच हसलो. त्या साली भाव येईल म्हणून कापूस विकला नव्हता. तो याच खोलीत छताला टेकेपर्यंत भरलेला होता. पंखा दिवसभर हवा ओढतो, त्या हवेबरोबर रुई ओढतो, तिच्यात सोयाबीनच्या कुटाराची धूळ अडकते. पात्यांवर चक्क गादी झाली होती! प्लग काढून, पंख्याचं पातं बोटानं धरून (ब्लोअरच्या हवेनं ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं) ती काढली. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, आणि कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून हातभर पुढे घेतला. कूलरचा झोत मात्र थेट डब्यावर नको. थंड हवा चांगलीच, पण तिच्यातले तुषार नळाच्या खारट पाण्याचे असतात. एसएमपीएसचा डबाही घरी उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिथल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच दबा धरून बसते.

रात्रीचं कोडं डीपीपाशी, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरपाशी सुटलं. गावठाण आणि शेती अजून एकाच डीपीवर. रात्री दहाला थ्री फेज आली, की ऑटोस्विच लावलेले शिवारातले सगळे पंप एका दमात सुरू होतात, आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. क्षणभर बल्ब डोळा मिचकावतो. एसएमपीएसमध्ये अशा क्षणासाठी थोडी वीज साठवलेली असते, पण ती साधारण १५-२० मिलिसेकंदच पुरते, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या जेमतेम एका हेलकाव्याएवढी. त्यात कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साध्या, स्वस्त सप्लायमध्ये घरचा व्होल्टेज २३० वरून १७० वर आला, तर साठा जवळपास निम्मा होतो. संध्याकाळी गावभर कूलर चालू असताना मीटर १७० दाखवतच होता. आधीच अर्धपोटी, त्यात झटका.

"पण यूपीएस तं हाय ना जी!" होता. त्याचा हिरवा दिवाही लागायचा. प्लग काढून त्यावर ६० वॅटचा बल्ब लावून पाहिला, दोन सेकंदांत अंधार. या बॅटऱ्यांना उकाडा सोसत नाही, टिनाखाली त्या दोन उन्हाळ्यांत म्हाताऱ्या होतात. नवी बॅटरी बसवली. ज्यांच्याकडे घराचा इन्व्हर्टर आहे त्यांनी त्याच्या मागे 'यूपीएस' लिहिलेलं बटण आहे का पाहावं. साध्या मोडवर तो वीज बदलायला जास्त वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं.

मग फॉरमॅट मारल्यावर पंधरा दिवस बरं का वाटायचं? विंडोज बऱ्याच गोष्टी आधी मेमरीत ठेवते आणि मग डिस्कवर उतरवते. मध्येच वीज तुटली की एखादी फाईल अर्धवट राहते. असं दहा वेळा झालं की विंडोज आजारी पडते आणि स्वतःच्या कारणानंही अडखळू लागते. फॉरमॅट या जखमा भरून काढतो. जखमा करणारं कारण तसंच राहतं.

एक गोष्ट आम्ही शोधत नव्हतो, ती सापडली. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधून किंचितशी वीज डब्यावर येत असते, ती अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायला हवी. अर्थिंग नसेल तर डब्यावर सव्वाशे व्होल्टच्या आतबाहेर दिसतात. करंट नगण्य, पण मुंग्या आणायला पुरेसा. यानं कॉम्प्युटर पडतोच असं नाही. पण अर्थिंग गेलं म्हणजे घरातलं पत्र्याचं कूलरही बेभरवशाचं, आणि ते जिवावर बेतू शकतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते, तारेचा मातीशी संबंध सुटतो. वायरमनकडून खड्डा नव्यानं भरून घेतला. काकी आता तुळशीला पाणी घातल्यावर उरलेलं तिकडे ओततात.

उरली ती एकटी निळी फुली. पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असा कोड होता. रॅमची, म्हणजे मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले, पुन्हा टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवली, आणि विंडोजमधलीच मेमरी तपासणी रात्रभर लावून ठेवली. सकाळी एकही चूक नाही. त्या फुलीपुढे काकाजींनी पेनानं प्रश्नचिन्ह काढलंय. जूनचं पान अजून कोरं आहे.