मॉनिटरच्या हातातला खडू : मोठी मुले धाकट्यांना शिकवतात त्यामागची दोन शतके

सर ऑफिसात गेले की मॉनिटर उठतो, खडू घेतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहायला लागतो. तेच नाव पुन्हा आले की पुढे फुली. फुल्या वाढल्या की पूर्वी छडी, आता निदान बाकावर उभे. नाशिकच्या कुठल्याही शाळेतून गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पण या पदाचे मूळ काम वेगळे होते. ते शिकवण्याचे होते, आणि कधीतरी ते काम गळून पडले व पहारा तेवढा उरला.

हे आता आठवायचे कारण म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाच्या प्रकरणात या धोरणाने विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याला जागा दिली आहे : ऐच्छिक, आनंदाने केलेले आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखालचे. २०१९ च्या मसुद्यात यासाठी ‘नॅशनल ट्युटर्स प्रोग्रॅम’ अशी स्वतंत्र योजनाच सुचवली होती. अंतिम धोरणात ते नाव गेले, कल्पना राहिली. मराठी शाळांत ‘विषयमित्र’, म्हणजे एखाद्या विषयात इतरांना मदत करणारे विद्यार्थी, त्याआधीच रुळले होते. आता ‘मेंटॉर’ आणि ‘पीअर लर्निंग’ही आले आहेत. प्रशिक्षणांतले सूर ऐकले तर वाटावे की ही टूम परवाच निघाली. ती निघाली त्याला सव्वादोनशेहून जास्त वर्षे झाली, आणि ती निघाली मद्रासला.

अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातल्या लष्करी अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. कंपनीच्या गोऱ्या शिपायांची मुले तिथे असत. हाताखालचे पगारी मास्तर बेलच्या मनासारखे काम करत नव्हते. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि आपल्याकडेही असेच शिकवा म्हणून फर्मावले. मास्तरांनी मनावर घेतले नाही. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलाला वाळूची पाटी देऊन सर्वांत धाकट्या वर्गावर बसवले. पोराने मास्तरांना न जमलेले काम करून दाखवले. मग एकेक करून बरेच वर्ग मुलांच्याच हाती गेले. बेल १७९६ मध्ये मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत छापला. तिकडे या पद्धतीला ‘मद्रास पद्धत’ असेच नाव पडले.

बेलने पाहिलेली शाळा मराठी मुलखातल्या माणसाला मुळीच परकी वाटली नसती. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती आणि तिच्यावर धुळाक्षरे गिरवली जात. अक्षरे बसली की कित्ता, मग मोडी, मग हिशेब. पंतोजी एक, मुले सगळ्या वयांची. संध्याकाळी परवचा : वरच्यातला एखादा खड्या आवाजात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणे आणि बाकीचे त्याच्यामागून ओरडत. धाकट्याचे बोट धरून ‘अ’ गिरवून घेणे हेही बऱ्याचदा मोठ्या मुलाच्याच वाट्याला येई. याला कोणी पद्धत म्हटले नाही, त्यावर कोणी पुस्तिका छापली नाही. गोष्ट चालत होती एवढेच. पंतोजीच्या शिक्षाही काही कमी नव्हत्या, तेव्हा त्या शाळेचा उमाळा आणण्याचे कारण नाही.

लंडनमध्ये जोसेफ लँकास्टर याने १७९८ च्या सुमारास बरो रोडवर गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि कल्पनेचा कारखाना केला. एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले, त्यांच्या तुकड्या, प्रत्येक तुकडीवर एक मॉनिटर. मास्तर आधी मॉनिटरांना धडा देई, मॉनिटर तो तुकडीला देत. पाट्या तपासणारा वेगळा, गैरहजेरी पाहणारा वेगळा. खर्च इतका कमी की सरकार, चर्च आणि दानशूर मंडळी सगळेच खूश. इंग्लंडमध्ये बेलच्या बाजूचे आणि लँकास्टरच्या बाजूचे अशा दोन संस्थाच उभ्या राहिल्या आणि मूळ कल्पना कोणाची यावर वर्षानुवर्षे भांडल्या. पंतोजीला या भांडणात कोणी साक्षीला बोलावले नाही.

कल्पना मग बोटीने परत आली. १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी मुंबईत गरीब युरोपीय मुलांसाठी शिक्षण संस्था काढली, पुढे ती बॉम्बे एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. तिच्या शाळा बेलच्या धर्तीवर सुरू झाल्या. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात मराठी आणि गुजराती शाळांसाठी जी खटपट सुरू झाली तिच्यातही लँकास्टरच्या पद्धतीचा पुरस्कार होता. मद्रासच्या वाळूवरचा प्रयोग लंडनचा शिक्का मारून घेऊन मुंबईला उतरला. बार्न्स यांच्या त्या संस्थेची भायखळ्याची निवासी शाळा १९२५ मध्ये देवळालीला हलली. आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे बार्न्स स्कूल ते हेच.

इंग्लंडात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पद्धतीचे दिवस भरत आले होते, आणि का भरले हे पाहिल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. लँकास्टरच्या मॉनिटराला तुकडीवरचा अधिकार मिळाला होता. शिकवायचे कसे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आदल्या दिवशी आपण जे घोकले ते आज दुसऱ्याकडून घोकून घेणे, एवढेच त्याच्या हातात. चुकला तर काय विचारावे, अडला तर किती थांबावे, हे ठाऊक नाही. मग उरतो धाक. लँकास्टरला छडी नको होती, पण तिच्या जागी त्याने आणलेल्या शिक्षा छडीपेक्षा विचित्र होत्या : गळ्यात ओंडका, पायात बेडी, छताला टांगलेल्या टोपलीत बसवणे.

१८४६ मध्ये ब्रिटनच्या शिक्षण समितीने जेम्स के-शटलवर्थ यांच्या पुढाकाराने वेगळी वाट धरली. शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तेराव्या वर्षापासून पाच वर्षांची उमेदवारी करायची. दिवसा वर्गावर, आणि शाळेच्या वेळेबाहेर मुख्याध्यापकाने त्या उमेदवाराला रोज शिकवायचे. सरकारकडून पहिल्या वर्षी दहा पौंड, शेवटच्या वर्षी वीस; मुख्याध्यापकाला या शिकवणीचे वेगळे पैसे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला मोलाचा टप्पा हा आहे. मोठ्या मुलाला वर्गावर उभे करायचे तर आधी कोणीतरी त्याच्यासाठी रोजचा वेळ काढला पाहिजे आणि त्या वेळेचे मोल मोजले पाहिजे, हे पहिल्यांदा कागदावर आले. पुढे तीच उमेदवारी स्वस्तातल्या मास्तरकीकडे घसरली, हेही खरे.

नाशिकपुरते बोलायचे तर या शहराला ही गोष्ट शिकवायला मद्रास किंवा लंडन लागले नसते. पंचवटी आणि गंगाघाटाच्या परिसरात वेदाध्ययनाची जुनी परंपरा आहे, तीही मुख्यतः शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची. या शाखेत स्वर हाताने दाखवतात : उदात्त, अनुदात्त, स्वरित यांप्रमाणे हात वर, खाली, बाजूला जातो. गुरुजी संथा देतात, म्हणजे म्हणून दाखवून पाठ देतात. नंतरच्या आवृत्त्या करून घेण्याचे काम बहुतेक वेळा वरच्या विद्यार्थ्याकडे. धाकटा म्हणत असतो, मोठा समोर बसून हात हलवत असतो, आणि चूक झाली की त्याचा हात जागच्या जागी थांबतो. धाकट्याने मागे जाऊन पुन्हा म्हणायचे. चूक सांगायची नाही, चूक झाली एवढेच दाखवायचे. त्या शिक्षणाची दारे कोणाला उघडी होती आणि कोणाला बंद, हे काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या गावात वेगळे लिहायला नको. तरी शिकवण्याचे तंत्र म्हणून तो थांबलेला हात मला लँकास्टरच्या सगळ्या यंत्रणेपेक्षा शहाणा वाटतो.

दुसरी गोष्ट शरणपूरची. आज शरणपूर रोड म्हटले की दुकाने आणि दवाखाने डोळ्यांपुढे येतात. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे वस्ती उभी केली, आणि हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे आणली गेली. लिहिणेवाचणे, सुतारकाम, लोहारकाम ती इथे शिकली. त्यांतले जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या रबाईच्या मिशनवर कामाला गेले. १८७४-७५ मध्ये मुक्त गुलामांसाठी फ्रीरटाउन वसवायला स्वतः प्राइसच गेले, तेव्हा हे ‘बॉम्बे आफ्रिकन’ तिथे उपयोगी पडले. नाशिकला शिकलेल्या मुलांनी आपल्यामागून सुटून आलेल्यांना हात दिला, आणि तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. नाशिकच्या शिक्षणाच्या इतिहासात याला चार ओळीही क्वचित मिळतात.

विसावे शतक नाशिकमध्ये बोर्डिंगांचे. १९१४ मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज सुरू झाला. उदाजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला १९२० मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या हस्ते बसली. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडचा दहा-बारा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा घर सोडून अशा बोर्डिंगात यायचा तेव्हा त्याला सांभाळणारा रेक्टर एक आणि मुले खंडीभर. ट्रंक कुठे ठेवायची, धोतर कसे धुवायचे, घरची आठवण आली तर कुठे जाऊन रडायचे हे दाखवायचा तो खोलीतला मोठा मुलगा. पाठ्यपुस्तकेही त्याचीच जुनी, समासात टिपणे असलेली. यातून पिढ्या शिकल्या. पण सांभाळणारा मिळाला की छळणारा, हे नशिबावर होते, कारण खोलीतल्या थोरल्याला कोणी निवडले नव्हते आणि तयारही केले नव्हते.

निवडून, हुद्दा देऊन, तयार करण्याची रीत आली ती लष्करी शाळेतून. डॉ. बा. शि. मुंजे १९३१ च्या भारतीय लष्करी महाविद्यालय समितीवर होते. त्याच वर्षी त्यांनी युरोपातल्या लष्करी संस्था आणि इटलीतील मुसोलिनीच्या राजवटीची युवक संघटनाही पाहिली. १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल उभे राहिले. तिथल्या विद्यार्थ्याला रामदंडी म्हणतात. इंग्रजी पब्लिक स्कुलांतून सैनिकी शिक्षणात आलेली हाऊस (विद्यार्थ्यांचे गट) आणि प्रीफेक्ट (त्यांवर नेमलेला मोठा विद्यार्थी) यांची उतरंड आपल्याकडे अशा शाळांमुळे दिसू लागली. १९४८ पासूनच्या एनसीसीत कॅडेट, लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट, अंडर ऑफिसर अशी शिडीच आहे. या सगळ्यात हुकूम देण्याचे शिक्षण पक्के मिळते. अडलेल्याला समजावण्याचे मिळतेच असे नाही.

स्काऊटिंगची मांडणी यापेक्षा मऊ. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे चार गट केले, प्रत्येकावर मुलांमधलाच एक नायक. पुढे रीत अशी पडली की स्काऊटमास्तराने आधी संघनायकांना शिकवायचे आणि संघनायकांनी आपल्या सहा-आठ जणांना. गट लहान असला की हुकमाची गरज कमी पडते.

थोरल्या-धाकट्याच्या नात्याचा काळा भाग कायद्यालाच हाताळावा लागला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ मध्ये आले, आणि २०१९ मध्ये त्याच आयोगाने ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची रूपरेषा दिली. वरच्या वर्गातल्यांनी नव्यांशी कसे वागावे हे आता शिकवावे लागते, हे मान्य झाले ते असे, उशिरा.

थोरल्याला यातून काय मिळते, याचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकात मिळाले. ‘मोबिलायझेशन फॉर यूथ’ या उपक्रमात गरीब वस्तीतल्या हायस्कूलच्या मुलांना धाकट्यांचे वाचन सुधारायला नेमले. यांतले बरेच जण स्वतःच वाचनात मागे होते. शेवटी तपासले तेव्हा शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांचे वाचन जास्त सुधारलेले निघाले. आपल्याकडे अशा कामाला नेहमी पहिला नंबरवाला निवडतात; तो निष्कर्ष याच्या उलट बोट दाखवतो.

तयारी म्हणजे नेमके काय, हे वर्गात पाहिले की कळते. सहावीतली मुलगी दुसरीतल्या मुलाला हातच्याची बेरीज दाखवते आहे. तो अडतो. ती लगेच पेन्सिल घेते आणि उत्तर लिहून टाकते. दोघेही खूश, मुलगा होता तिथेच. तिला शिकवायचे ते एवढेच : पेन्सिल त्याच्याच हातात राहू दे, ‘आता काय करशील?’ असे विचार, आणि मनात दहापर्यंत आकडे मोजेपर्यंत गप्प बस. मारायचे नाही, चिडवायचे नाही. आणि घरी मारतात असे काही त्याने सांगितले तर ते पोटात न ठेवता बाईंना सांगायचे. सांगायला सोपे आहे, पण अंगवळणी पडायला महिना-दोन महिने आणि आठवड्यातून एकदा त्या मुलांबरोबर बसणारा शिक्षक लागतो.

आणि नाशिक जिल्ह्यात गाडी इथेच अडते. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवर चार-पाच इयत्ता आणि दोन शिक्षक ही रोजची स्थिती. त्यातला एक माहिती भरायला किंवा मीटिंगला गेला की उरतो एक. तिथे मोठ्या मुलांचा हातभार चालूच आहे, धोरण येण्याआधीपासून. शिवाय यांतल्या कितीतरी शाळा चौथीला संपतात. तिथला सर्वांत ‘मोठा’ विद्यार्थी नऊ वर्षांचा असतो. सहावी-सातवीची मुले आश्रमशाळेत किंवा दूरच्या केंद्रशाळेत जातात आणि सुट्टीलाच पाड्यावर दिसतात. तेव्हा या तालुक्यांत असे काही बेतायचे तर जागा आश्रमशाळेची आहे, कारण पहिलीपासून दहावीपर्यंतची मुले एका छपराखाली तिथेच असतात, आणि संध्याकाळी अभ्यासाचा तासही असतो. तो तास आज बहुतेक ठिकाणी अधीक्षकाने फेऱ्या मारण्यात जातो. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. वेळापत्रकात बदल करायला फार लांब जावे लागणार नाही.