रेड्याचा उन्हाळा आणि सांबराचा हंगाम

"रेडा सुस्त झालाय, म्हशी उलटायला लागल्यात," म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, अशी तक्रार कोल्हापूर भागातील गोठ्यांत मे-जूनमध्ये ऐकू येते आणि "जनावराचा हंगामच नाही" या उत्तरावर ती बहुधा मिटते. राधानगरीच्या जंगलातील सांबराबाबत हे उत्तर चालेल. गोठ्यातील रेड्याला मात्र ते लावताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट उष्म्याची आहे. वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमी राहिले, तरच शुक्राणू नीट तयार होतात, आणि म्हणूनच वृषण शरीराबाहेर पिशवीत असतात. ही पिशवी थंडीत आखडते, उन्हात सैल होऊन खाली लोंबते. काळ्या कातडीच्या आणि घर्मग्रंथी कमी असलेल्या रेड्याला अंगातील उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. म्हणूनच डुंबण्याला त्याच्या लेखी इतके महत्त्व आहे आणि पत्र्याच्या ठेंगण्या छपराखाली दिवसभर बांधलेल्या रेड्याचे हाल होतात. फसगत होते ती मुख्यतः वेळेच्या अंतरामुळे. वळूमध्ये शुक्राणू घडण्यास सुमारे 61 दिवस लागतात आणि त्यानंतर ते पक्व होण्यास आणखी आठवडा-दहा दिवस जातात. रेड्यात हा काळ काहीसा कमी असतो. त्यामुळे मेमधील उन्हाचा फटका पाऊस सुरू होऊन हवा गार झाल्यावरही काही आठवडे दिसत राहतो. तोवर रेडा पुन्हा उत्साहाने म्हशीवर चढू लागलेला असतो आणि मालकाला वाटते, सगळे सुरळीत झाले. चढण्याची इच्छा आणि रेताचा कस या दोन गोष्टी एकाच वेळी परततील असे नाही. लाळ्या-खुरकूतासारख्या आजारात ताप चढला, तर हेच नुकसान ऐन थंडीतही होऊ शकते.

दुसरी गोष्ट खऱ्या हंगामाची. येथे सूत्रे उन्हाकडे नसून दिवस-रात्रीच्या लांबीकडे असतात. मेंदूतील एक छोटी ग्रंथी रात्रभर मेलाटोनिन स्रवते. रात्र जितकी लांब, तितका हा स्राव जास्त वेळ चालतो आणि त्यावरून शरीर ऋतू ओळखून नरातील टेस्टोस्टेरॉन वाढवते किंवा घटवते. नर सांबराची शिंगे गळतात, नवी शिंगे मखमली कातड्याखाली वाढतात, तेव्हा टेस्टोस्टेरॉन उतरलेले असते. ते वाढले की शिंगे कठीण होतात, कातडे झडते, आणि साधारणतः हिवाळ्यात नर माद्यांमागे लागतात, एकमेकांना भिडतात. मखमली शिंगांच्या नराला कितीही गार सावलीत ठेवले, तरी तो हंगामात येणार नाही. युरोपातील मेंढाही असाच दिवस आखडू लागल्यावर जोमात येतो. मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा असल्याने कोकरे वसंतातील कोवळ्या चाऱ्यावर जन्मतात.

म्हैस थोडी अधेमधे बसते, हे मान्य करावे लागेल. तिच्या जातीत दिवसाच्या लांबीचा परिणाम आहेच, पण तो विषुववृत्तापासून दूर गेल्यावर ठळक होतो. कोल्हापुरात वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक असतो. लंडनमध्ये तो आठ तासांहून अधिक आहे. त्यामुळे आपल्याकडे रेड्याच्या उन्हाळी घसरणीत उष्म्याचाच वाटा मोठा मानणे मला रास्त वाटते. छपराची उंची वाढवणे, पाण्याचे फवारे मारणे, दुपारी डुंबू देणे आणि म्हैस भरवण्यासाठी पहाटेची वेळ धरणे यांचा उपयोग होतो, तो त्यामुळेच.

शिवाय सगळा दोष नराच्या माथी मारताही येत नाही. कृत्रिम रेतनाची मात्रा हिवाळ्यात गोळा करून उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली असेल, तर तिला उन्हाळ्याची झळ लागलेली नसते. तरीही म्हशी उलटतात. कारण उन्हाळ्यात म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. ती ओरडत नाही, सोट (माजावर योनीतून येणारा चिकट स्राव) पुरेसा दिसत नाही आणि माजाची खूण मिळालीच तर रात्री किंवा पहाटे, गोठ्यात कोणी नसताना मिळते.