मोराची बोटं आणि उणे २० अंश

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका शेतघरामागच्या खुराड्यात मी जानेवारीत शिरलो, तेव्हा बाहेर उणे २० अंश सेल्सियस होतं. आत चार मोर आणि तीन लांडोरी एका आडव्या फळीवर ओळीने बसले होते. एकाच्याही पायाचं बोट दिसत नव्हतं. पोटाची पिसं फुगवून सगळ्यांनी आपापले पाय झाकून घेतले होते. मोराला थंडी सोसत नाही, ही माझी समजूत तिथे मोडली.

खरं तर आपला निळा मोर हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्यांवरही राहतो. त्याच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसांच्या थरांत अडकलेली हवा रजईचं काम करते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर छातीचे स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. अडचण आहे ती पायांची. तिथे पिसं नाहीत. हृदयाकडून येणारं गरम रक्त आणि पायातून परतणारं गार रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून जातं. वाटेतच गरम रक्त आपली ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे अंगातली उष्णता वाचते, पण बोटं मात्र थंडच राहतात. कडाका वाढला की तिथल्या पेशींत बर्फाचे स्फटिक होतात, रक्तपुरवठा तुटतो, बोट काळं पडतं आणि काही आठवड्यांत गळून जातं. कोंबड्यांचा तुरा मांसल असल्यामुळे तोही असाच गोठतो. मोराचा तुरा पिसांचा, म्हणून तो वाचतो.

म्हणूनच बसायची जागा महत्त्वाची. गोल, बारीक दांडीला पकडलेली बोटं खालून वळून उघडी राहतात. लोखंडी नळी तर पायातली उरलीसुरली ऊबही ओढून घेते. त्या खुराड्यात सुमारे ९ सेंटीमीटर रुंद लाकडी फळी सपाट बाजू वर करून ठोकली होती. त्यावर पंजा पसरून बसतो आणि पिसांखाली पूर्ण झाकला जातो. फळी माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर होती, कारण दीड मीटरचा पिसारा खाली लोळता कामा नये.

नवख्या माणसाला वाटतं, सगळ्या फटी बुजवाव्यात. मला ही चूक सगळ्यात घातक वाटते. सात पक्ष्यांच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते. विष्ठेतल्या युरिक आम्लापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, तो फुप्फुसांना जाळतो. ओल आणि थंडी एकत्र आली की बोटं लवकर गोठतात. म्हणून छपराजवळ झरोके हवेत, वारा मात्र पक्ष्यांच्या अंगावर येऊ द्यायचा नाही. खाली कोरडा पेंढा हवा आणि पाण्याचं भांडं गरम राहणारं हवं.

मोर स्वभावाने झाडावर रातथारा करणारा. मोकळा सोडला तर तो बर्फाळ पावसातही फांदीवरच बसेल, आणि सकाळी पिसाऱ्यावर बर्फाचा गठ्ठा गोठलेला असेल. म्हणून नवे पक्षी आधी काही आठवडे आतच ठेवतात, म्हणजे खुराडं त्यांना घर वाटू लागतं. उन्हाळ्याच्या शेवटी मोराचा पिसारा झडतो आणि हिवाळाभर पुन्हा वाढतो. वाढत्या पिसात रक्त असतं, ते मोडलं तर भळभळतं. पिसं बनतात केराटिन या प्रथिनापासून, त्यामुळे या दिवसांत नुसत्या मक्यावर भागत नाही.

हिरवा मोर मात्र याला अपवाद आहे. आग्नेय आशियातल्या या जातीला कडाक्याच्या थंडीत गरम खोलीच लागते. भारतात यातलं काहीच करता येत नाही. आपल्याकडे मोराला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे, मोर पाळणं गुन्हा आहे.

शेताच्या मालकीणबाईंनी मला एका लांडोरीचा पाय दाखवला. मधल्या बोटाचं टोक मेणासारखं पांढुरकं, कडक झालेलं होतं. त्यांनी ते चोळलं नाही, कारण चोळल्याने स्फटिक पेशी आणखी फाडतात. हीटरसमोरही धरलं नाही, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. तो पाय त्यांनी कोमट पाण्यात ठेवला, नीट पुसला आणि लांडोरीला घरातल्या कोरड्या खोलीत नेलं. एकदा वितळलेलं बोट पुन्हा गोठलं, तर ते गमावण्याचा धोका खूप वाढतो. वीस मिनिटांनी त्या टोकावर फिकट गुलाबी रंग चढायला लागला होता.