दार-ए-सलाम: संशोधन स्वाहिलीच्या बाजूने, निर्णय इंग्रजीच्या

आफ्रिकेतल्या विद्यापीठांत भाषाविज्ञान आणि भाषाशिक्षण हे दोन्ही विषय स्वातंत्र्याच्या आसपास रुजले. बहुतेक ठिकाणी त्यांच्यापुढचा प्रश्न एकच होता: मुलांनी कोणत्या भाषेतून शिकायचे? टांझानियात तो इतर देशांच्या मानाने सोपा असायला हवा होता. शंभरावर भाषांच्या या देशात स्वाहिली किनाऱ्यापासून सरोवरांपर्यंत सगळ्यांना समजत होती आणि ती कोणा एका बलाढ्य जमातीची म्हणून ओळखली जात नव्हती. तरीही माध्यमिक शाळेचे दार तिला उघडले नाही. का उघडले नाही, हे १९८०च्या दशकातल्या एका निर्णयाकडे नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. १९२८ साली मोंबासात भरलेल्या परिषदेने झांझिबार बेटाची बोली प्रमाण स्वाहिलीचा पाया ठरवली. १९३० मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश प्रदेशांसाठी एक भाषा समिती नेमली गेली. मोंबासाच्या बोलीत शतकानुशतके काव्य रचणाऱ्यांना झांझिबारच्या बोलीची निवड रुचली नाही, आणि ती नाराजी आजही अधूनमधून ऐकू येते. शब्दकोश आणि व्याकरणाची कामे करत ही समिती १९६४ मध्ये टांझानियातल्या दार-ए-सलामच्या विद्यापीठ-महाविद्यालयात विलीन झाली आणि तिची संशोधन संस्था झाली. वसाहतीच्या सोयीसाठी जमवलेली शब्दांची पुंजी अशी देशी अभ्यासकांच्या हाती आली.

१९६७ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे माध्यम स्वाहिली झाले. १९६९ ते १९७४ च्या पंचवार्षिक योजनेत पुढचे पाऊल म्हणून माध्यमिक शाळेचा उल्लेख होता, आणि नागरिकशास्त्राचा तास स्वाहिलीत सुरूही झाला. पुढे मात्र गाडी अडली. विद्यापीठात १९७० पासून स्वाहिलीचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे ध्वनिविचार असो की वाक्यविचार, शिकवणे स्वाहिलीत आणि उत्तरपत्रिकाही स्वाहिलीत. उच्च शिक्षण या भाषेत होऊच शकत नाही म्हणणाऱ्यांसाठी उत्तर त्याच आवारात उभे होते.

त्याच सुमारास पश्चिमेला, नायजेरियात, इफेच्या विद्यापीठाने सहा वर्षांचा एक प्रयोग हाती घेतला. एका गटाला संपूर्ण प्राथमिक शिक्षण योरुबा या तिथल्या भाषेतून द्यायचे, इंग्रजी मात्र विषय म्हणून चांगल्या शिक्षकाकडून शिकवायची. दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे तीन वर्षांनी इंग्रजी माध्यमात ढकलायचे. योरुबातून शिकलेली मुले कुठेच मागे पडली नाहीत, उलट अनेक विषयांत पुढे राहिली. भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांना हा निष्कर्ष आजही पाठ आहे. धोरण आखणाऱ्यांच्या स्मरणात तो राहिलेला दिसत नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस दार-ए-सलामच्या दोन अभ्यासकांनी माध्यमिक शाळांच्या वर्गांत बसून निरीक्षणे नोंदवली. शिक्षक इंग्रजीत बोलत तेव्हा वर्ग गप्प असे. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलेच तर बहुधा स्वाहिलीत येई. तोच शिक्षक स्वाहिलीवर आला की हात वर होत, शंका निघत. विषय न समजणे आणि विषयाची भाषा न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतके स्वच्छ दाखवणारी निरीक्षणे क्वचितच सापडतात.

१९८० मध्ये अध्यक्षांनी शिक्षणाचा आढावा घेण्यासाठी आयोग नेमला. १९८२ च्या अहवालात त्याने माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गापासून, जानेवारी १९८५ पासून, स्वाहिली माध्यम सुरू करण्याची शिफारस केली. विद्यापीठासाठीही पुढची मुदत सुचवली. अभ्यासक तयारीला लागले. आणि १९८३ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी सांगून टाकले की असा बदल होणार नाही.

या नकाराची कारणे आजही वादात आहेत. इंग्रजीचा शाळेत रोजचा आधार गेला तर ती देशातून हद्दपारच होईल, अशी भीती खरी होती. पुस्तके नव्हती, परिभाषा अपुरी होती, तिजोरीत खडखडाट होता. शेक्सपिअरची दोन नाटके स्वाहिलीत आणणारे पहिले अध्यक्षसुद्धा या वेळी इंग्रजीच्या बाजूने उभे राहिले. इंग्रजी ही जगाची स्वाहिली आहे, असे ते म्हणाले. त्यांची चिंता मी हलकी मानत नाही. पण इंग्रजी चांगली शिकवणे आणि इंग्रजीतून सगळे शिकवणे यांत फरक आहे, आणि इफेच्या प्रयोगाने तोच दाखवला होता.

यानंतर जे झाले ते जास्त बोलके आहे. १९८४ मध्ये ब्रिटनच्या मदतीने शाळांतल्या इंग्रजीची पाहणी झाली. माध्यमिकच्या चौथ्या वर्षातल्या मुलांपैकी जेमतेम दहा टक्क्यांची इंग्रजी त्या भाषेतून शिकायला सुरुवात करण्याइतपत होती, असे अहवालात नोंदवले गेले. म्हणजे चार वर्षे त्या माध्यमात घालवूनही बाकीचे आरंभरेषेवर पोहोचले नव्हते. एवढे नोंदवून अहवालाने शिफारस केली ती इंग्रजी माध्यम कायम ठेवून इंग्रजी सुधारण्याची. त्यातून ब्रिटिश पैशावर चालणारा मोठा प्रकल्प उभा राहिला: वाचनपुस्तके, शिक्षकांचे प्रशिक्षण, परदेशी तज्ज्ञ. पुरावा एका दिशेला बोट दाखवतो आणि शिफारस दुसरीकडे जाते, तेव्हा पैसा कुणाचा हे विचारायलाच हवे. विद्यापीठातल्या भाषाशिक्षणाच्या संशोधनालाही त्यामुळे वळण लागले. इंग्रजी कशी सुधारावी यावर काम करणाऱ्याला निधी होता. माध्यमच बदलावे म्हणणारा लेख लिहीत राहिला.

स्वाहिली संशोधन संस्था मात्र हातावर हात ठेवून बसली नाही. एकभाषी स्वाहिली कोश १९८१ मध्येच आला होता. १९९० मध्ये जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राचा परिभाषा कोश आणि भाषाविज्ञानाचाही आला. परिभाषा नाही ही तक्रार त्या दिवशी निम्मी संपली. पण शब्द तोंडी रुळतात ते वर्गात वापरले गेल्यावरच, आणि वर्गाचे दार बंद होते.

२००२ पासून नॉर्वेच्या मदतीने टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या अभ्यासकांनी एकत्र प्रयोग केले. त्यांत टांझानियातल्या काही माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र, भूगोल यांसारखे विषय स्वाहिलीत शिकवले. मुले पुन्हा बोलू लागली, समज पुन्हा वाढली. हे निष्कर्ष पंचवीस वर्षांपूर्वीच्या निरीक्षणांशी जुळले. २०१५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या धोरणाने सर्व पातळ्यांवर स्वाहिलीचा मार्ग कागदावर मोकळा केला, तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनी इंग्रजीला निरोप दिल्याच्या बातम्या छापल्या. अंमलबजावणी झाली नाही. सरकारी माध्यमिक शाळा आजही इंग्रजीतूनच चालते.

दरम्यान आकडे बदलले आहेत. १९८३ मध्ये माध्यमिक शाळेत जाणारी मुले मूठभर होती. २००४ नंतर गावोगावी माध्यमिक शाळा निघाल्या, २०१६ पासून त्यांची फी माफ झाली. सात वर्षे स्वाहिलीत शिकून एका सुट्टीनंतर इंग्रजी पुस्तकासमोर बसणारी मुले त्यामुळे अनेक पटींनी वाढली. डोडोमा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गेल्या दशकात यावर मधला मार्ग काढून पाहिला: माध्यमिकच्या पहिल्या वर्षाच्या गणित आणि जीवशास्त्राच्या पुस्तकांत लहान वाक्यांची इंग्रजी, कठीण शब्दांचे अर्थ स्वाहिलीत, आणि आधी स्वाहिलीत चर्चा करून मग इंग्रजीत लिहायला सांगणारे स्वाध्याय. माध्यमाचा निर्णय न बदलता जेवढे करता येईल तेवढे त्यांनी केले. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र अजून इंग्रजीतच येते.