माडाची साफसफाई (मुंबई परिसर)

नारळ व ताल कुलातील (अ‍ॅरेकेसी) इतर वृक्षांच्या शेंड्यातून वाळलेल्या झावळ्या, सुकलेल्या पोया (फुलोरे), उतरायला आलेले घड आणि पानांच्या बेचक्यांत साठलेला केरकचरा वेळोवेळी काढून टाकण्याची निगा. वसई, उत्तन, गोराई या भागांतील वाड्यांत नारळ उतरवताना हे काम आपोआप होते व त्याला ‘माड साफ करणे’ एवढेच म्हणतात. शहरात मात्र ते पावसाळ्यापूर्वीच्या वृक्षछाटणीत मोडते आणि गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षाच्या फांद्यांना लावलेला न्याय माडालाही लावला जातो. मुंबईतील माडांचे बरेचसे नुकसान या गल्लतीतून होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः नारळाचा विचार केला असून ताड, शिंदी, भेरली माड व शोभेचे पाम यांचा उल्लेख ओघाने येतो.

इतिहास : उत्तर कोकणातील माडाच्या लागवडीचा सर्वांत जुना सुस्पष्ट पुरावा नाशिक येथील लेण्यांतील उषवदाताच्या (ऋषभदत्ताच्या) लेखात मिळतो. नानंगोल गावातील ३२,००० माड त्याने चरक परिव्राजकांना दान दिल्याचे त्यात म्हटले असून दान घेणाऱ्यांच्या स्थानांत शोर्पारगाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा, समावेश आहे. नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचे नारगोळ असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लेखाचा काळ उषवदाताचा सासरा, क्षत्रप राजा नहपान, याच्या काळावर अवलंबून आहे. नहपानकालीन लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची धरल्यास तो इ. स. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात येतो. ती नहपानाची राज्यवर्षे मानणारे अभ्यासक त्याला पहिल्या शतकात नेतात, आणि अलीकडे नाण्यांच्या आधारे या मताला बळ मिळाले आहे. कोणतेही मत घेतले तरी मुंबईच्या उत्तरेस किनाऱ्यावर सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी माडांच्या मोठ्या बागा होत्या, एवढे निश्चित.

मुंबई बेटावरील बागांचे श्रेय परंपरा माहीम वसवणाऱ्या बिंब राजाला देते. हा बिंब कोण, यावर दोन मते आहेत. महिकावतीच्या बखरीचे संपादक वि. का. राजवाडे (१९२४) बखरीतील शके १०६०, म्हणजे इ. स. ११३८, हा प्रताप बिंबाच्या आगमनाचा काळ प्रमाण मानतात. इंग्रजी गॅझेटिअरच्या परंपरेत बिंब म्हणजे देवगिरीच्या यादवांपैकी भीमदेव असून त्याचा काळ तेराव्या शतकाच्या अखेरीचा आहे. बखरीचे निरनिराळे भाग निरनिराळ्या काळी रचलेले असल्याने तिच्यातील सनांवर एकट्याने भार टाकणे अवघड आहे. नाशिकचा लेख पाहता बिंबाने माड या किनाऱ्यावर प्रथम आणला असे न मानता, बेटावर बागाईत वाढवली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

इंग्रजी अमलाच्या आरंभी माहीमच्या माडांना सुक्या मासळीचे खत घालत. त्याच्या दुर्गंधीने बेटाची हवा रोगट होते, अशी तक्रार सतराव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या लिखाणात वारंवार येते. माड भरपूर खतावर पोसला पाहिजे हे वाडीवाल्यांना चांगले ठाऊक होते, हे यावरून दिसते. ताडी-माडी काढण्याचा परंपरागत व्यवसाय भंडारी समाजाकडे होता. रस उतरवणारा रोज झाडावर चढत असल्याने शेंड्यातील कीड किंवा कूज लगेच नजरेस येई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या व्यवसायावर कराचा बोजा वाढला व १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो जवळजवळ थांबला. शहरातील माडांकडे होणारे दुर्लक्ष तेव्हापासून वाढले असावे.

रचना : माड एकदलिकित आहे. त्याच्या खोडात ऊतककर (खोड जाड करणारा पेशींचा थर) नसल्याने खोड आंबा किंवा वडाप्रमाणे वर्षागणिक जाड होत नाही आणि त्यावरील जखम नव्या सालीने भरून येत नाही. एकदा पडलेली खाच झाड जिवंत असेपर्यंत तशीच राहते. सगळी वाढ टोकाच्या एकाच कोंबातून होते. हा कोंब तुटला, कुजला किंवा किडीने पोखरला की झाड मरते. म्हणून उंची कमी करण्यासाठी माडाचा शेंडा छाटणे म्हणजे झाड तोडणेच होय.

चांगल्या वाढलेल्या माडाच्या शेंड्यात ३० ते ४० पाने असतात. वर्षाला १२ ते १४ नवी पाने उमलतात आणि उमललेले पान अडीच ते तीन वर्षे टिकते. प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक पोय येते व पुढे तिचा घड त्याच पानाच्या देठावर टेकतो. खालचे हिरवे पान काढले की घडाचा आधार जातो, दांडा मोडतो आणि नारळ अपक्व गळतात.

काय काढावे : पूर्ण तपकिरी झालेले, खाली लोंबणारे पान काढावे. अनुभवी चढणारा कोयता चालवण्याआधी झावळी हाताने हलकेच ओढून पाहतो. पिकलेली झावळी देठाच्या रुंद बुडापासून जाळीसकट सुटून येते. ओढूनही घट्ट राहिलेल्या पानाचा झाडाला अजून उपयोग असतो. सुकलेल्या पोया, त्यांची होडीच्या आकाराची वाळकी आवरणे आणि वांझ घड काढण्यास हरकत नाही. वाटेवर किंवा वाहनतळावर झुकलेल्या माडाचे नारळ पडण्यापूर्वी उतरवल्याने झाडाला काहीच इजा होत नाही. सोसायट्यांच्या आवारात धोका कमी करण्याचा हाच सर्वांत निर्धोक उपाय आहे.

पिवळ्या पानांबाबत घाई करू नये. पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात. जमिनीत ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून पिवळेपणा आधी खालच्या पानांवर दिसतो. ‘दिसायला वाईट’ म्हणून ही पाने कापली की झाडाचा साठाच जातो व पिवळेपणा वरच्या फेरीत चढतो. फ्लोरिडा विद्यापीठातील टिमथी ब्रॉशॅट यांनी पालाशाच्या कमतरतेवर केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले. यावर उपाय खताचा आहे. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेची शिफारस फळत्या माडाला वर्षाकाठी ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद व १,२०० ग्रॅम पालाश अशी आहे. बुंध्यापर्यंत लादी किंवा काँक्रीट असलेल्या आवारात हे खत मुळांपर्यंत पोचवणेच कठीण होते. तेथे आधी आळे मोकळे करावे लागते.

मतभेद : किती हिरवी पाने काढलेली चालतात, यावर एकमत नाही. फिलिपीन्समध्ये आंतरपिकांना ऊन मिळावे म्हणून माडाची खालची पाने काढण्याचे तंत्र सुचवले गेले, आणि ठरावीक संख्येने पाने राखल्यास उत्पन्न फारसे घटत नाही असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. हे निष्कर्ष खत-पाण्याची सोय असलेल्या बागांचे आहेत. अरुंद आवारातील, मुळे दबलेल्या माडाला ते लावता येतील असे वाटत नाही. शोभेच्या पामांसाठी सर्वसाधारणपणे मान्य असलेला नियम असा की, आडव्या रेषेच्या वर असलेल्या पानाला हात लावू नये. घड्याळाच्या तबकडीवर नऊ आणि तीन यांच्या वरचा भाग पूर्ण राखावा.

वादळापूर्वी शेंडा विरळ करण्याचा प्रश्न यापेक्षा महत्त्वाचा आहे. पाने कमी केली की वाऱ्याचा भार कमी होतो, हे म्हणणे वरवर पटणारे आहे. मधली चार-पाच उभी पाने ठेवून बाकी सर्व कापण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. परंतु २००४ व २००५ च्या वादळांनंतर फ्लोरिडात झालेल्या निरीक्षणांत, भरगच्च शेंड्याच्या पामांपेक्षा असे छाटलेले पाम शेंड्यापाशी अधिक मोडल्याचे दिसले. खालची पाने मधल्या कोवळ्या भागाला आधार देतात, आणि पाने सतत काढल्याने अन्न कमी पडून शेंड्याखाली खोड निमुळते होत जाते. माडाचे पान वाऱ्यात वाकते व त्याच्या पात्या मिटतात, ही त्याची स्वतःची सोय आहे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या उद्ध्वस्त केल्या, तर मे २०२१ मधील तौक्तेने मुंबईत शेकडो झाडे पाडली. अशा अनुभवानंतर सरसकट छाटणीची मागणी होणे स्वाभाविक आहे, तरी ती मान्य करण्यासारखी नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूर येथे माड कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. अशा प्रसंगांत खोडाची पोकळी, बुंध्याची कूज आणि तुटलेली मुळे तपासणे आवश्यक असते. शेंडा छाटून यांपैकी काहीच सुधारत नाही.

कीड, रोग व जखमा : गेंड्या भुंगा न उमललेल्या कोंबात शिरतो. पुढे ते पान उघडते तेव्हा त्याच्या पात्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात आणि बेचक्यात चघळलेल्या तंतूंचा भुसा आढळतो. साफसफाईच्या वेळी आतल्या तीन बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून भरण्याची शिफारस आहे. सोंड्या भुंगा याहून घातक आहे. तो ताज्या जखमेच्या वासाने येतो व जखमेत अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात, आणि भोकातून तपकिरी चिकट द्रव गळू लागेपर्यंत बाहेर काहीच कळत नाही. यामुळेच हिरवे पान कापणे अगदी अपरिहार्य झाल्यास खोडापासून सुमारे १२० सेंमी. देठ ठेवून कापावे, असे तज्ज्ञ सांगतात. शहरात हे क्वचितच पाळले जाते. देठ खोडालगत सपाट कापला की काम नीटनेटके दिसते आणि भुंग्याला वाट मिळते.

पावसाळ्यात कोंब कुजण्याचा रोग (फायटोफ्थोरा पामीव्होरा) पसरतो. मधले कोवळे पान फिके पडून ओढताच हातात आले, तर कुजका भाग खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) लावतात. म्हणून साफसफाई मे अखेरपर्यंत उरकावी. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कोयता जंतुनाशकाने पुसावा. कॅनरी खजुरात फ्युझेरियम बुरशीची मर (झाड सुकवणारा रोग) करवतीच्या पात्यावरून पसरते, हे सिद्ध झाले आहे.

चढण्यासाठी खोडाला खाचा पाडण्याची जुनी रीत वाड्यांतील वयस्क माडांवर अजून ओळखता येते. त्या खाचांत पाणी साचते व बुरशीला वाव मिळतो. बुटांना लावलेल्या लोखंडी काट्यांनीही तीच हानी होते. दोराचा फास, पट्टा किंवा चढण्याचे यंत्र वापरावे. नारळ विकास मंडळ २०११ पासून यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण देते. रस्त्यालगत शिडीची गाडी सोयीची पडते.

परवानगी : मुंबईत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. रस्त्यावरील झाडांची छाटणी महानगरपालिकेचे उद्यान खाते करते. खासगी आवारातील झाडांसाठी विभाग कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते व खर्च सोसायटीला करावा लागतो. अर्जात ‘छाटणी’ एवढेच न लिहिता ‘वाळलेल्या झावळ्या व नारळ काढणे’ असे स्पष्ट लिहावे. ठेकेदाराला कामाची मर्यादा त्यावरून कळते.

इतर पाम : बाटलीसारख्या खोडाचे रॉयल पाम आपली पाने स्वतःच टाकतात. त्यांच्या शेंड्याखालचा गुळगुळीत हिरवा भाग पानांच्या आवरणांचा असतो, तो सोलू किंवा कापू नये. सुपारीचेही तसेच. कुंडीतील अरेका पामचे पूर्ण वाळलेले धुमारे बुडापासून काढता येतात. भेरली माडाला फुलोरा वरून खाली येत जातो आणि शेवटच्या फुलोऱ्यानंतर ते खोड मरते. हा त्याचा जीवनक्रम असल्याने छाटणीने आयुष्य वाढत नाही. ताड व शिंदीच्या जुन्या देठांना काटेरी धार असते, तेव्हा हातमोजे आवश्यक.

उतरवलेल्या झावळ्यांचे हीर काढून खराटे होतात, तर झापांचा उपयोग पावसाळी आडोशासाठी करतात. उरलेला पाला बुंध्याशी पातळ पसरावा. शेणखताचे किंवा कुजक्या पाल्याचे ढीग आवारात ठेवू नयेत, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या त्यांतच वाढतात. ढीग असल्यास तो दर दोन-तीन महिन्यांनी उलटून अळ्या वेचाव्यात.